फाटकावरची माणसं : १९८९

आमू दर्यावरच्या पोलादी पुलाच्या उत्तर टोकाला तुम्ही उभे आहात. तारीख १५ फेब्रुवारी १९८९, गाव सोव्हिएत उझबेकिस्तानातलं तेर्मेझ. पलीकडचा काठ अफगाणिस्तानचा. चिलखती गाड्यांची शेवटची रांग पूल ओलांडून येते आहे. गाड्यांवर लाल निशाणं आणि त्यांच्या टपांवर बसलेली विशी-बाविशीतली पोरं. सर्वांत शेवटी जनरल बोरिस ग्रोमोव्ह गाडीतून उतरतात आणि उरलेलं अंतर पायी चालत येतात. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा फुलं घेऊन त्यांना सामोरा जातो. नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या युद्धानं सुमारे १५,००० सोव्हिएत सैनिक आणि लाखो अफगाण माणसं गिळली. ते आज या पुलावर संपलं, असं इथे जमलेल्या प्रत्येकाला वाटतंय.

तुम्हाला मात्र तसं वाटत नाही, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. काबूलवर पुढच्या काही वर्षांत काय कोसळणार आहे, कोण येणार, कोण जाणार आणि पुन्हा कोण येणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते इथे कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तरी मुलाला मिठी मारणाऱ्या आईला ते ऐकायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. तिचं पोर परत आलंय.

इतिहासाच्या पुस्तकांत १९८९ हे वर्ष घाईनं सांगून टाकतात. एका पानावर पोलंड, दुसऱ्यावर हंगेरी, मग बर्लिन, प्राग, बुखारेस्ट. वाचणाऱ्याला वाटतं, हे सगळं होणारच होतं, खांब आधीच पोखरलेले होते. मला ते पटत नाही, म्हणून तर तुम्हाला इथे बोलावलं. पुस्तक मिटा आणि फाटकापाशी येऊन उभे राहा. फाटक उघडायचं की गोळी झाडायची, हे तिथल्या माणसाला अजून ठरवायचं आहे.

फेब्रुवारीतले पुढचे दिवस भरभर ओलांडू. तेर्मेझच्या आदल्याच दिवशी तेहरानच्या रेडिओवरून खोमेनींचा फतवा वाचून दाखवला गेलाय. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी या लेखकाला ठार मारण्याचं ते आवाहन आहे. २४ फेब्रुवारीला त्याची धग खुद्द मुंबईपर्यंत येते. निषेधाच्या मोर्चावर पोलीस गोळीबार करतात आणि १२ माणसं मरतात. ज्या पुस्तकावरून हा फतवा निघाला आणि ज्यावर भारतात आदल्या ऑक्टोबरपासूनच बंदी आहे, ते त्यांतल्या कितीजणांनी पाहिलं असेल? मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली नावाचा तरुण इंग्रज वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवतो. शास्त्रज्ञांची कागदपत्रं एकमेकांना जोडता यावीत, अशी एक व्यवस्था त्यात सुचवली आहे. साहेब वाचतात आणि वरच्या कोपऱ्यात शेरा लिहितात, की कल्पना धूसर आहे पण रंजक आहे. तुमचा हात सवयीनं खिशाकडे जातो. तिथे फोन नाही. तो ज्या जाळ्यावर जगतो ते जाळं सध्या या टिपणापुरतंच आहे.

आता थांबा. इथून पुढे हळू चालायचं आहे.

१९ मे, पहाटेची वेळ, बीजिंगचा तिआनान्मेन चौक. सुधारणावादी नेते हू याओबांग १५ एप्रिलला वारले आणि त्यांना श्रद्धांजली वाहायला आलेले विद्यार्थी परत गेलेच नाहीत. आता त्यांतले बरेच उपोषणाला बसलेत. चौकात घाम, जंतुनाशक आणि भिजलेल्या गोधड्यांचा वास भरून राहिलाय. सलाईनच्या बाटल्या लटकताहेत. एवढ्यात गर्दीत हालचाल होते. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाओ झीयांग एका बसच्या दारात उभे राहून हातातल्या कर्ण्यातून बोलू लागतात. आपण फार उशिरा आलो, असं ते म्हणतात. आवाज कापरा आहे. मुलांनी उपोषण सोडावं, जीव सांभाळावा, अशी विनवणी ते करतात. मुलं त्यांच्याकडे सह्या मागतात. त्यांच्या मागे गंभीर चेहऱ्यानं उभ्या असलेल्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नाही. ते वन जियाबाओ. १४ वर्षांनी ते चीनचे पंतप्रधान होतील. झाओ मात्र आजनंतर लोकांना कधीच दिसणार नाहीत. २००५ साली, नजरकैदेतच, ते मरतील.

दुसऱ्या दिवशी लष्करी कायदा पुकारला जातो. त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट चौकातल्या कुणालाही ठाऊक नाही. ३८ व्या सैन्यदलाचे प्रमुख मेजर जनरल शू छिन्श्यान यांनी राजधानीत निःशस्त्र लोकांवर फौज घेऊन जायला नकार दिलाय. त्यांना पदावरून काढतात, पक्षातून काढतात आणि पाच वर्षं तुरुंगात धाडतात. १९८९ सालच्या माणसांत मला सर्वांत मोठा वाटणारा माणूस हाच, आणि त्याच्या नकारानं काहीही थांबलं नाही. ३८ वं सैन्यदल दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हुकमावर निघालंच.

३ जूनच्या रात्री दहाच्या पुढे तुम्ही शहराच्या पश्चिमेला मुशीदीच्या पुलापाशी आहात. बसगाड्या आडव्या लावून लोकांनी रस्ता अडवलाय. यात विद्यार्थी थोडे. गिरणीकामगार, दुकानदार, बनियन घातलेले म्हातारे, गरमीमुळे खाली उतरलेली बिऱ्हाडंच जास्त. आधी अश्रुधूर. मग एक कोरडा, तुटक आवाज येतो आणि कुणीतरी ओरडतं की रबरी गोळ्या आहेत, घाबरू नका. तुमच्या पुढचा माणूस खाली बसतो तो उठतच नाही. जखमींना न्यायला रुग्णवाहिका पोचत नाहीत. भाजी वाहायच्या सपाट तीनचाकी सायकलींवर माणसं घालून पोरं पायडल मारत इस्पितळाकडे धावताहेत. रस्त्यालगतच्या इमारतींच्या खिडक्यांवरही गोळ्या बसतात. त्या इमारतींत सरकारी अधिकाऱ्यांचीच घरं आहेत.

पहाटे चारच्या सुमाराला चौकातले दिवे जातात. अंधारात हजारो मुलं हुतात्म्यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसलेली. सैन्याकडून सुरक्षित वाट मिळावी म्हणून चार जण पुढाकार घेतात. त्यांत तैवानहून आलेला गायक हौ दजियान आहे आणि साहित्याचा अध्यापक लिऊ श्याओबोही. त्यामुळे उजाडायच्या आत मुलांना आग्नेय कोपऱ्यातून बाहेर पडायला वाट मिळते. लिऊला २०१० साली शांततेचं नोबेल मिळेल तेव्हा तो तुरुंगात असेल, आणि ओस्लोच्या व्यासपीठावर त्याची खुर्ची रिकामी ठेवतील. त्या रात्री किती मेले? कुणी शेकडो म्हणतं, कुणी हजारो. दिंग झीलिन या प्राध्यापिकेचा सतरा वर्षांचा मुलगा त्या रात्री गेला. तिनं पुढे पोलिसांच्या पहाऱ्यात राहून घरोघरच्या आयांना शोधलं आणि एकेक नाव लिहीत दोनशेच्या वर नावांची यादी केली. सरकारनं अशी यादी कधीच दिली नाही.

बीजिंगमध्ये रविवारची दुपार होते तेव्हा वॉर्सात सकाळ उजाडत असते. तारीख तीच, ४ जून. पोलंडमध्ये आज मतदान आहे.

इथे या. एका शाळेतलं मतदान केंद्र. भिंतीवरच्या पोस्टरवर गॅरी कूपर, ‘हाय नून’ या चित्रपटातला मार्शल. कमरेला पिस्तूल नाही, हातात मतपत्रिका आहे आणि छातीवर ‘सॉलिडॅरिटी’चं लाल बोधचिन्ह. फेब्रुवारी ते एप्रिल गोलमेजावर बसून सरकार आणि ही बंदी घातलेली कामगार संघटना यांनी जे ठरवलं, त्यानुसार कनिष्ठ सभागृहातल्या ३५ टक्के जागा आणि नव्यानं स्थापलेल्या सिनेटच्या सगळ्या १०० जागा खुल्या आहेत. बाकीच्या जागा सत्ताधाऱ्यांनी आधीच आपल्याकडे राखून ठेवल्यात. तुमच्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक आजी टेबलावर वाकून बसली आहे. इथली मतदानाची रीत खोडायची आहे. नको असलेलं नाव पेनानं खोडायचं. सत्तेतल्या ३५ बड्या लोकांची एक बिनविरोध यादी आहे, त्यांना फक्त निम्मी मतं हवीत. आजी पहिलं नाव खोडते. मग दुसरं. मग पट्टी घेतल्यासारखी सरळ रेघ ओढत शेवटपर्यंत जाते. घाई नाही, चेहऱ्यावर राग नाही. चाळीस वर्षं जिची मोजदाद झाली नाही, ती बाई आज हिशेब चुकता करते आहे.

त्या ३५ मधले ३३ पडले. दुसऱ्या फेरीनंतर सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा ‘सॉलिडॅरिटी’कडे आणि कनिष्ठ सभागृहातली खुली जागा एकही सरकारी पक्षाकडे नाही. मात्र त्या रात्री कॉन्स्टिट्यूशन चौकातल्या ज्या कॅफेत संघटनेनं निवडणुकीची कचेरी थाटली आहे, तिथे कुणी नाचत नाही. दूरचित्रवाणीवर बीजिंगची चित्रं आली आहेत. आपण फार जास्त तर जिंकलो नाही ना, ही धास्ती लोकांच्या तोंडावर दिसते. १९८१ सालच्या डिसेंबरात त्यांच्या रस्त्यांवरही रणगाडे आले होतेच. तेव्हा आणि आता पक्षप्रमुख एकच, जनरल यारुझेल्स्की. काळ्या चष्म्याआडचे त्यांचे डोळे काय ठरवताहेत, ते दिसत नाही. ऑगस्टअखेर पंतप्रधानपदी तादेउश मझोव्हिएत्स्की बसतात. पूर्व युरोपात चाळीस वर्षांत कम्युनिस्ट नसलेला पहिला पंतप्रधान. हे पुस्तकात दोन ओळींत येतं, पण या उन्हाळ्यातल्या प्रत्येक रात्री ते उलटंही होऊ शकलं असतं.

त्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, ५ जूनला, बीजिंगच्या छांगआन मार्गावर पांढऱ्या सदऱ्यातला तो माणूस रणगाड्यांच्या रांगेपुढे उभा राहतो. दोन्ही हातांत पिशव्या. फोटो तुम्ही शेकडो वेळा पाहिलाय. तो कोण, पुढे त्याचं काय झालं, हे तुमच्या काळातही कळलेलं नाही. एकच सांगतो. फोटोत न मावलेला आणखी एक माणूस तिथे आहे, पहिल्या रणगाड्याचा चालक. तो रणगाडा डावीकडे वळवतो, उजवीकडे वळवतो, मग बंद करतो. त्याचंही नाव कुणाला माहीत नाही.

आता हंगेरी. १९ ऑगस्ट, शनिवार, सोप्रोन गावाबाहेरचं शेत. ऑस्ट्रियाची सीमा हाकेच्या अंतरावर. दोन्ही देशांच्या लोकांची सहल ठरली आहे, त्यासाठी कित्येक वर्षं बंद असलेलं एक फाटक तीन तास उघडायचं आहे. नाक्यावरचा अधिकारी आर्पाद बेला. आज त्याच्या लग्नाचा वाढदिवस. पाहुण्यांचं एक शिष्टमंडळ येईल, पासपोर्टांवर शिक्के मारायचे, असं त्याला सांगितलंय. येते ती वेगळीच मंडळी. उतारावरून दीड-दोनशे माणसांचा घोळका चालत येतो आहे. जीनच्या पँटी, पाठीवर पिशव्या, खांद्यावर पोरं. पूर्व जर्मन आहेत, सुट्टीच्या नावाखाली हंगेरीत येऊन राहिलेले. फाटकाजवळ आल्यावर ते पळू लागतात. बेलाच्या कमरेला पिस्तूल आहे आणि बेकायदा सीमा ओलांडणाऱ्याला रोखण्याचा स्थायी हुकूम आहे. तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. तो फाटकाकडे पाठ करतो आणि समोरच्या ऑस्ट्रियन माणसांचे कागद तपासू लागतो, अगदी मन लावून. संध्याकाळपर्यंत सुमारे ६०० जण पलीकडे गेलेत. शेतात सोडून दिलेल्या त्राबांट गाड्या, बाळगाड्या. आपण तुरुंगात जाणार, ही त्याची खात्री आहे. तसं झालं नाही, पण हे तुम्हाला माहीत आहे. तो आज रात्री घरी बायकोला काय सांगणार आहे?

चार दिवसांनी, २३ ऑगस्टला, एस्टोनिया, लाटविया, लिथुएनिया. हिटलर आणि स्टालिन यांच्यातल्या ज्या गुप्त कराराखाली ही तीन राष्ट्रं नकाशावरून पुसली गेली, त्याला आज ५० वर्षं झाली. ताल्लिनपासून रीगामार्गे विल्निअसपर्यंत, सहाशे किलोमीटरहून लांब, सुमारे वीस लाख माणसं संध्याकाळी सातला एकमेकांचे हात धरून उभी राहतात. रस्त्यावर मध्ये कुठे जागा मोकळी दिसली की रेडिओवरून सांगतात आणि मोटारी तिकडे धावतात. तुम्हीही एका कोपऱ्यात रांगेत उभे राहा. डावीकडे एका शेतकऱ्याचा खरखरीत हात, उजवीकडे एका शाळकरी मुलीचा. पंधरा मिनिटं. मग सगळे पांगतात, कारण घरी गुरं आहेत.

पूर्व जर्मनीतलं लाइपझिग. सोमवार, ९ ऑक्टोबर. या वर्षातली सर्वांत भीतीची संध्याकाळ मला विचाराल तर ही. बर्लिनची रात्र सगळ्यांना आठवते, पण बर्लिनचा निकाल इथे लागला.

दुपारीच शहर चिडीचूप झालंय. बालवाड्यांतून मुलं लवकर घरी न्या असं पालकांना सांगितलंय. इस्पितळांत रक्ताच्या बाटल्या आणि रिकाम्या खाटा तयार ठेवल्यात. बाजूच्या गल्ल्यांतून पोलिसांचे ट्रक उभे. तीन दिवसांपूर्वी स्थानिक वर्तमानपत्रात एका निमलष्करी दलाच्या प्रमुखाचं पत्र छापून आलंय, की गरज पडली तर आम्ही हातात शस्त्र घेऊन समाजवादाचं रक्षण करू. आणि पक्षाचे नेते जूनपासून चीनच्या सरकारचं जाहीर कौतुक करताहेत. त्यामुळे लाइपझिगमध्ये सध्या ‘चिनी उपाय’ हे दोन शब्द दबक्या आवाजात उच्चारले जातात.

निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना होते. आज दुपारपासूनच बाकं भरलीत, कारण पक्षानं आपलीच शेकडो माणसं जागा अडवायला पाठवली आहेत. पाद्री क्रिस्टियान फ्यूरर यांनी त्यांचंही स्वागत केलं. प्रार्थना संपते, दारं उघडतात आणि बाहेर चौक माणसांनी फुललेला. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. मेणबत्ती विझू नये म्हणून दुसरा हात आडोशाला लागतो, म्हणून दगड उचलायला हात मोकळा राहत नाही, असं फ्यूरर पुढे सांगत. तुम्हालाही कुणीतरी एक देतं. तुम्ही चालू लागता. सत्तर हजार माणसं शहराच्या वळणरस्त्यावर. ध्वनिक्षेपकांवरून सहा जणांचं निवेदन ऐकू येतं. गेवांडहाउस वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट मासुर ते वाचताहेत. सहीकर्त्यांत पक्षाचे तीन स्थानिक चिटणीसही आहेत. शांतता राखा, आपण बोलू, एवढंच त्यात आहे. कडेला शिरस्त्राण घातलेली पोरं ढाली धरून उभी आहेत. सक्तीच्या सैनिकी सेवेतली, विशीची. त्यांतल्या एखाद्याचा भाऊ गर्दीत असायचा.

पुढाऱ्यांनी बर्लिनला फोन लावलाय. काय करायचं? उत्तर येत नाही. रेल्वे स्थानकाजवळ मोर्चा आणि पोलीस अगदी समोरासमोर येतात, आणि स्थानिक अधिकारी आपल्या माणसांना मागे सरायला सांगतात. बर्लिनहून होकार येतो तोवर मोर्चा रस्त्याची फेरी पूर्ण करत आलेला असतो. एका चर्चच्या मनोऱ्यावर, कबुतरांच्या विष्ठेत पालथे पडून, दोन तरुण हे सगळं चोरून चित्रित करताहेत. उद्या रात्री ते पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर दिसेल आणि पूर्व जर्मनी आपल्या घरात बसून ते पाहील. एक महिना उरलाय.

बरोबर एका महिन्यानं, गुरुवारी ९ नोव्हेंबरला, पूर्व बर्लिनमधल्या पत्रकार परिषदेत ग्युंटर शाबोव्स्की पक्षाच्या वतीनं बोलताहेत. सातला थोडा अवकाश असताना ते एक कागद काढतात. नागरिकांना परदेशी प्रवासाची परवानगी देणारा नवा नियम. तो उद्यापासून लागू व्हायचाय, व्हिसा घ्यावा लागणार आहे. पण ज्या बैठकीत ते ठरलं तिथे हे गृहस्थ नव्हते. कधीपासून, असं कुणीतरी विचारतं. ते कागद उलटसुलट करतात आणि म्हणतात, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब, विनाविलंब.

बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्याच्या उपाहारगृहात लेफ्टनंट कर्नल हाराल्ड येगर जेवता जेवता हे पाहतो. पंचवीस वर्षांची सीमेवरची नोकरी. आधी दहा-वीस माणसं येतात. नऊच्या सुमाराला शेकडो. मग हजारो. येगर वरिष्ठांना फोन करत राहतो. परत पाठवा, असं उत्तर मिळतं. मग सांगतात, फार ओरडणाऱ्यांना जाऊ द्या, पण पासपोर्टावरच्या फोटोवर शिक्का मारा, म्हणजे ते परत येऊ शकणार नाहीत. काही जोडपी उत्साहानं पलीकडे जाऊन पाच मिनिटांत परत येतात. घरी मुलं झोपली आहेत हो, आम्ही फक्त बघायला गेलो होतो. शिक्का दाखवून त्यांना अडवतात. त्यांतली एक आई रडू लागते. येगर तिला आत घेतो. हुकूम मोडण्याची त्याची आजची ही पहिली वेळ.

याच वर्षी फेब्रुवारीत, वीस वर्षांचा क्रिस ग्युफ्रॉय भिंत ओलांडताना गोळी लागून मेला. म्हणजे गोळी झाडणं हा भूतकाळ नाही, चालू नोकरीचा भाग आहे. येगरच्या माणसांकडे पिस्तुलं आहेत. गर्दी कुंपणाला रेटते आहे आणि कुणीतरी चिरडून मरणार हे दिसतं आहे. साडेअकराच्या सुमारास तो सांगतो, सगळं उघडा. अडसर वर जातो आणि तुम्ही लोटले जाता. पोलादी पुलावरून, पश्चिमेकडे, अनोळखी माणसांच्या मिठ्यांत. गर्दीत पस्तीस वर्षांची एक संशोधक बाई आहे. गुरुवार म्हणून मैत्रिणीबरोबर सौना घेऊन आलेली. पलीकडे कुणाच्या तरी घरी एक बिअर पिऊन ती परत फिरते, सकाळी कामावर जायचंय. अँगेला मेर्केल. तुम्ही तिला वाट देता.

महिन्याभरानं, ५ डिसेंबरला, द्रेस्डेनमध्ये रशियन गुप्तहेर खात्याच्या बंगल्यापुढे जमाव येतो. ३७ वर्षांचा एक अधिकारी बाहेर येऊन सांगतो की आत सशस्त्र पहारा आहे. जमाव मागे सरतो. त्यानं रशियन रणगाडा दलाकडे मदत मागितली तेव्हा उत्तर मिळालं, मॉस्कोच्या हुकमाशिवाय काही करता येत नाही आणि मॉस्को गप्प आहे. हे व्लादिमीर पुतिन यांनी पुढे स्वतःच सांगितलंय. ज्या गप्प राहण्यानं लाखो माणसं जगली, त्याचा अर्थ त्या एका माणसानं काय लावला, ते तुमच्या काळातल्या युक्रेनला विचारा.

भारतातलं त्या नोव्हेंबरातलं थोडंसं. बर्लिनचा अडसर वर गेला त्याच ९ नोव्हेंबरला अयोध्येत राममंदिराचा शिलान्यास झाला, गावोगावहून पूजन करून पाठवलेल्या विटा घेऊन. दोन आठवड्यांत लोकसभेची निवडणूक, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलेलं. ज्या काँग्रेसला १९८४ मध्ये चारशेच्या वर जागा मिळाल्या होत्या ती १९७ वर येते आणि विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान होतात. बर्लिनमध्ये एक युग मिटलं, इथे दुसऱ्याची पहिली वीट बसली, आणि त्या दिवसांत मुंबई-पुण्यात दोन्ही बातम्या वाचणाऱ्या माणसाला त्यांतली आपल्या घरापर्यंत येणारी कोणती, हे सांगता आलं नसतं. १५ नोव्हेंबरला कराचीच्या मैदानावर, मराठी कवी रमेश तेंडुलकर यांचा सोळा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा कसोटीत खेळायला उतरतो. १५ धावांवर वकार युनूस त्याचा त्रिफळा उडवतो. वकारचाही हा पहिलाच सामना. तंबूकडे परतणाऱ्या सचिनच्या मनात येतं, की ही आपली पहिली आणि शेवटचीच खेळी ठरणार. तुम्हाला हसू येईल. त्याला त्या क्षणी हसू येत नव्हतं.

बुखारेस्टला नाइलाजानं जावं लागेल. २१ डिसेंबर, राजवाड्याचा चौक. कारखान्यांतून बसगाड्या भरून आणलेली माणसं, हातात छापील फलक. गेली काही वर्षं हिवाळ्यात घरं तापवायला इंधन नाही, दिवे मिणमिणते, मांसासाठी पहाटेपासून रांगा. तिकडे तिमिशोआरात पाच दिवसांपूर्वी एका पाद्र्याला हुसकावण्यावरून लोक उठले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सज्जात निकोलाय चाउशेस्कू नेहमीचं भाषण करताहेत. मागून एक किंकाळी, मग हुर्यो. ते मध्येच थांबतात. हात हवेत, तोंड उघडं. थेट प्रक्षेपण चालू आहे आणि २४ वर्षं ज्या चेहऱ्यावर भीती कधी दिसली नव्हती त्याच्यावर ती अख्ख्या देशाला दिसते. पत्नी एलेना लोकांना गप्प राहा म्हणून ओरडते. ते पगारवाढ जाहीर करतात. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून हेलिकॉप्टरनं पळतात. नाताळच्या दिवशी तिर्गोविश्तेच्या बराकीत तासाभराचा खटला आणि भिंतीपाशी दोघांना गोळ्या. तो खटला न्याय नव्हता, हे म्हणताना मला जराही अडखळायला होत नाही. रुमानियात हजाराहून अधिक माणसं मेली, त्यांतली बहुतेक हुकूमशहा पळून गेल्यानंतरच्या दिवसांत, कोण कुणावर झाडतंय हे न कळता.

शेवटचा मुक्काम प्राग, २९ डिसेंबर, शुक्रवार. किल्ल्यातल्या व्लादिस्लाव्ह दालनात संसद राष्ट्राध्यक्ष निवडते आहे. सभासद जुनेच, कम्युनिस्टांनी नेमलेले. अध्यक्षस्थानी अलेक्झांडर दुबचेक, १९६८ च्या रशियन रणगाड्यांनी ज्यांची कारकीर्द चिरडली होती ते. उमेदवार एकच, नाटककार वात्स्लाव्ह हावेल. या माणसाला याच वर्षी जानेवारीत चौकात पकडलं, फेब्रुवारीत नऊ महिन्यांची शिक्षा ठोठावली, मे महिन्यात सोडलं. नोव्हेंबरात विद्यार्थ्यांवर लाठ्या पडल्या तेव्हा लाखो लोक किल्ल्या खुळखुळवत रस्त्यावर उतरले आणि सहा आठवड्यांत तो इथे पोचला. आज त्याला शिक्षा देणाऱ्या राजवटीचेच प्रतिनिधी एकमतानं हात वर करताहेत. त्यांतल्या काहींना तो हात वर करताना लाज वाटली असेल, अशी आशा आहे. नव्या अध्यक्षाची पँट जरा आखूड आहे.

बाहेरच्या अंगणात तुम्ही गर्दीत. गळपट्टा गुंडाळलेला एक विद्यार्थी तुम्हाला सिगारेट देऊ करतो आणि विचारतो, तुम्हाला काय वाटतं, हे टिकेल? तीन वर्षांनी त्याचा हा देश दोन तुकड्यांत वाटला जाणार आहे, रक्त न सांडता. तुम्ही म्हणता, जूनमध्ये निवडणूक व्हायची आहे ना. हो, तो म्हणतो, आणि याद्या करायच्यात, पत्रकं छापायचीत, कागद तर कुठेच मिळत नाहीये. घड्याळ बघून तो गर्दीतून वाट काढत ट्रामच्या थांब्याकडे निघतो.